‘रिअर विंडो’ पहिल्यांदा बघताय? मग आधी हे वाचा

माझ्या भाच्याला मी ‘रिअर विंडो’ दाखवायला बसवलं, तर पंचविसाव्या मिनिटाला त्याने विचारलं, “मावशी, खून कधी होणार?” तोवर त्याचा मोबाइल हातात आला होता. पन्नासाव्या मिनिटाला तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि परत आलाच नाही.

चूक माझी होती. “जबरदस्त मर्डर मिस्टरी आहे, शेवटपर्यंत कळत नाही” असं सांगून मी त्याला बसवलं होतं. ही जाहिरात चुकीचीच होती. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५४ सालच्या या सिनेमात खून कोणी केला असेल याचा संशय पहिल्या तासातच एका माणसावर येतो आणि दुसरा संशयित कोणी उभाच केला जात नाही. तरीही सत्तर वर्षं लोक हा सिनेमा बघताना खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात. ते का, हे पहिल्याच खेपेला कळावं म्हणून हा लेख. शेवटचा भाग सोडला तर यात गोष्ट फोडलेली नाही. तो भाग कुठे सुरू होतो ते तिथे सांगितलं आहे.

१. आधी ‘कोण?’ हा प्रश्न बाजूला ठेवा

आपल्याला रहस्यकथांची सवय अशी की दिवाणखान्यात पाच-सहा माणसं बसलेली, त्यातला एक खुनी आणि शेवटच्या पानावर बोट रोखलं जाणार. ‘रिअर विंडो’ त्या वाटेनं जात नाही. इथे प्रश्न ‘कोणी केलं’ हा नाही. ‘खरंच काही घडलंय का, की रिकामटेकड्या माणसाचं डोकं चाललंय?’ हा आहे. आणि थोडं पुढे गेल्यावर आणखी एक: ‘घडलं असेल तर बसल्या जागेवरून करायचं काय?’

बसल्या जागेवरून, कारण नायकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. जेफ्रीज, सगळे त्याला जेफ म्हणतात, हा मासिकासाठी जगभर हिंडणारा फोटोग्राफर. मोटारींच्या शर्यतीचा फोटो काढायला ट्रॅकच्या मधोमध गेला आणि पाय मोडून घेतला. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या त्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये चाकांच्या खुर्चीत बसून सहा आठवडे झालेत, एक उरलाय. मागच्या बाजूला सामाईक अंगण आहे आणि त्याभोवती शेजाऱ्यांच्या खिडक्या. करायला दुसरं काही नाही, म्हणून तो बघत बसतो. कथा एवढीच. जेम्स स्टुअर्टसारखा लांबटांग्या नट जवळजवळ पूर्ण सिनेमाभर खुर्चीतून उठत नाही.

आणि कॅमेराही उठत नाही. जेफला त्याच्या खोलीतून जे दिसतं तेच आपल्याला, जे ऐकू येतं तेच आपल्याला. या नियमाला दोन-चारच अपवाद आहेत आणि त्यातला प्रत्येक अपवाद मुद्दाम केलेला आहे. हे एवढं डोक्यात ठेवून बसलात तरी अर्धं काम झालं.

२. बसायची तयारी

सिनेमा ११२ मिनिटांचा आहे. रात्री बघा, दिवे घालवून. मोबाइलवर बघू नका. हे काही शुद्धतावादी म्हणून सांगत नाही. समोरच्या इमारतीतली माणसं पडद्यावर मुळातच बोटभर दिसतात, मोबाइलवर ती मुंगीएवढी होतील. एका प्रसंगात अंधाऱ्या खिडकीत फक्त एक लालसर ठिपका चमकतो आणि सगळा प्रसंग त्या ठिपक्यावर उभा आहे. तो दिसला नाही तर आपण नक्की कशाला घाबरायचं होतं तेच कळत नाही.

टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरायची सोय असते, ती बंद ठेवा. सबटायटल लावा, पण एक लक्षात असू द्या: समोरच्या खिडक्यांतलं बोलणं बहुतेक वेळा नीट ऐकू येत नाही आणि ते यायचंही नाहीये. आवाज वाढवत बसू नका. अंगणापलीकडून येणारं भांडण जसं नुसतं स्वरावरून कळतं, तसंच ते ठेवलंय.

मध्यंतर शक्यतो घेऊ नका. घ्यायचंच असेल तर पडदा पूर्ण काळा होऊन पुढचा दिवस उजाडतो, अशा एखाद्या जागी घ्या. जेफची प्रेयसी लिसा खिडकीवरचे पडदे खाली ओढते आणि ‘आता खेळ संपला’ अशा थाटात बोलते, तिथे मात्र अजिबात थांबवू नका. चहा नंतर.

३. पहिली काही मिनिटं, जिथे कोणीच काही सांगत नाही

बांबूच्या चटया वर जातात, खिडकी उघडी पडते. कॅमेरा अंगणावरून एक फेरी मारून परत खोलीत येतो. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर घाम. थर्मामीटरचा पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपले तेहतीस-चौतीस अंश. मग प्लास्टरमधला पाय आणि त्यावर लिहिलेली थट्टेची ओळ. मोडलेला कॅमेरा. भिंतीवर शर्यतीच्या अपघाताचा फोटो, गाडीचं चाक थेट लेन्सकडे उडत येतंय. पुढे एका स्त्रीच्या चेहऱ्याची फ्रेम केलेली निगेटिव्ह आणि शेजारी तोच चेहरा छापलेल्या मासिकांचा गठ्ठा.

माणसाचं नाव, धंदा, अपघात कसा झाला, स्वभाव कसा, सगळं झालं. एकही संवाद नाही. सिनेमा कसा ‘वाचायचा’ हे कुणाला शिकवायचं असेल तर मी एवढा एकच तुकडा दोनदा दाखवते.

उकाडा मात्र विसरू नका. माझी आत्या बघायला बसली होती तेव्हा दहाव्या मिनिटाला म्हणाली, “अगं, ह्यांच्याकडे पडदे नाहीत का? दिवाबत्ती लावून सगळं जगाला दाखवत बसलेत!” प्रश्न अगदी बिनतोड होता आणि उत्तर त्या थर्मामीटरमध्ये आहे. १९५० च्या दशकातली सामान्य भाडेकरूंची इमारत, घरोघरी एसी नाहीत, वारा यायचा तर खिडकी उघडी हवी. एक जोडपं तर आगीच्या वेळी उतरायला बांधलेल्या लोखंडी जिन्याच्या सज्ज्यातच गादी टाकून झोपतं. उकाडा नसता तर हा सिनेमाच घडला नसता.

४. खिडक्यांची ओळख करून घ्या

इथे घाई करू नका. पहिला अर्धा तास हा ओळखपरेडचा आहे आणि माझ्या भाच्याला कंटाळा आला तो नेमका इथे.

बरोबर समोर, मधल्या मजल्यावर थॉरवाल्ड. खोट्या दागिन्यांचा फिरता विक्रेता, भारदस्त अंगाचा, पांढऱ्या केसांचा, थकलेला. बायको अंथरुणाला खिळलेली, दोघांची सतत धुसफूस. त्याच्या तीन-चार खिडक्या एका ओळीत आहेत, त्यामुळे तो एका खोलीतून दुसरीत जाताना दिसतो, मग भिंतीआड नाहीसा होतो, मग पुन्हा दिसतो. ती मधली भिंत लक्षात ठेवा.

त्याच्या खाली तळमजल्यावर एकटी राहणारी प्रौढ स्त्री. जेफने तिला नाव ठेवलंय ‘मिस लोनलीहार्ट्स’. ती दोघांचं टेबल मांडते, समोर कोणीच नसताना पेला उचलते. थॉरवाल्डच्या वर ते गादीवालं जोडपं. त्यांचं कुत्रं टोपलीत बसून दोरीने खाली अंगणात उतरतं. डावीकडे नाचाचा सराव करणारी तरुणी. नवं लग्न झालेलं जोडपं, ज्यांचा पडदा बहुतेक वेळ खालीच असतो. उजवीकडे मोठ्या काचांच्या खोलीत एक संगीतकार, पियानोवर एक धून पुन्हापुन्हा जुळवत असलेला. त्याच्याच खोलीत, पहिल्या अर्ध्या तासात, घड्याळाला चावी देणारा एक जाडसर माणूस दिसेल. तो हिचकॉक. एकदाचा सापडला की डोक्यातून काढून टाका, नाहीतर लोक सिनेमाभर त्यालाच शोधत बसतात.

आता एक काम करा. प्रत्येक खिडकीकडे बघताना मनात विचारा: हे लग्न कसलं आहे? नवं, जुनं, मोडकं, न झालेलं, होऊ घातलेलं? कारण इकडे जेफच्या खोलीत वाद चाललाय तो लग्नाचाच. लिसाला तो हवाय, त्याला पळायचंय. समोरच्या भिंतीवर त्याला त्याचीच भविष्यं मांडलेली दिसतायत, एकेका चौकटीत एक. खून ही त्यातली एक शक्यता झाली!

हे सगळं खरं अंगण नाही, हेही सांगून ठेवते. हॉलिवूडमध्ये पॅरामाउंटच्या १८ नंबरच्या स्टेजवर एकतीस फ्लॅटांचा अख्खा सेट उभा केला होता. उंची पुरेना म्हणून जमीन खणली. अंगण आहे ते स्टेजच्या पातळीखाली आणि जेफची खिडकी स्टेजच्या पातळीवर. समोरच्या नटांपर्यंत हाक पोचणार नाही इतकं अंतर, म्हणून त्यांच्या कानात बिनतारी यंत्रं बसवून सूचना दिल्या जात.

५. कान उघडे ठेवा

संगीत फ्रान्झ वॅक्समनचं. पण सुरुवातीची नामावली सोडली तर ‘आता घाबरा’ असं सांगणारं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. जे ऐकू येतं ते कुठल्यातरी खिडकीतून येतं: रेडिओ, पियानो, रस्त्यावरची वाहनं, लांबवरचा बोटीचा भोंगा, मुलांचा आरडाओरडा. आपल्याकडच्या जुन्या थरारपटांत दार करकरलं की शंभर व्हायोलिनं सुरू होतात, त्याची सवय असेल तर ही शांतता आधी विचित्र वाटते. नंतर तीच अंगावर येते. शेवटाकडे जिन्यातल्या पावलांचा आवाज ऐकाल तेव्हा आठवा, त्याच्याबरोबर काहीही वाजत नाहीये.

६. लिसाकडे ‘हिरॉइन’ म्हणून बघू नका

ग्रेस केलीची एंट्री झोपलेल्या जेफच्या चेहऱ्यावर पडलेल्या सावलीने होते. क्षणभर तिचीच भीती वाटते. मग ती एकेक दिवा लावत आपलं पूर्ण नाव सांगते, एका दिव्याला एक शब्द. वेशभूषाकार ईडिथ हेडने केलेला तो काळा-पांढरा ड्रेस, महागड्या हॉटेलातून मागवलेलं जेवण. आणि जेफ कुरकुरतो की सगळं फारच परिपूर्ण आहे. पहिल्या खेपेला मला त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले होते.

ज्या कथेवरून सिनेमा निघाला ती कॉर्नेल वुलरिचची, १९४२ सालची. तिच्यात ही मुलगी नाहीच. पटकथाकार जॉन मायकल हेजने ती घातली आणि सिनेमाचं वजनच बदललं. ती सुरुवातीला खोलीत शोभेची वाटते. पण लक्ष ठेवा, हळूहळू पाय कोणाचे चालू लागतात आणि धाडस कोणाचं. जेफची मालिश करायला विमा कंपनीकडून येणारी नर्स स्टेला, म्हणजे थेल्मा रिटर, हिच्या तोंडी सगळ्यात चुरचुरीत वाक्यं आहेत. न्याहारीच्या वेळी प्रेताची विल्हेवाट कशी लावली असेल यावर ती जे काही बोलते, त्यामुळे जेफच्या घशाखाली घास उतरत नाही.

७. पावसाची रात्र

इथे सिनेमाचं बी पेरलं जातं, म्हणून इथे मान वर ठेवा. लिसा रागावून निघून गेलीय. अंधार. कुठूनतरी एका बाईची किंचाळी आणि काच फुटल्याचा आवाज, क्षणभरच. मग पाऊस. सज्ज्यातलं जोडपं गादीशी झटापट करत आत पळतं, आपण हसतो. आणि त्या पावसात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, थॉरवाल्ड नमुन्यांची पेटी घेऊन बाहेर पडतो. परत येतो. पुन्हा जातो. पुन्हा येतो.

जेफ मनगटावरच्या घड्याळात बघतो. पेंगतो. दचकून जागा होतो. पुन्हा पेंगतो.

त्याला डुलकी लागेल तेव्हा तुम्ही पेंगू नका. एवढंच सांगते. पहाटेकडे, तो झोपलेला असताना, काही सेकंदांचा एक शॉट आहे. नायकाला न दिसलेली गोष्ट फक्त तुम्हाला दाखवली जाते. यापुढे सिनेमाभर तुमच्याकडे जेफपेक्षा एक माहिती जास्त आहे आणि गंमत म्हणजे ती त्याच्या संशयाच्या विरुद्ध जाणारी आहे. म्हणजे आता तुम्ही त्याच्या बाजूनेही आहात आणि तुम्हाला त्याची खात्रीही नाही.

हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं: अचानक स्फोट झाला तर दचका काही सेकंदांचा, पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर ताण पंधरा मिनिटांचा. उदाहरण चांगलंच आहे. पण त्या पहाटेच्या शॉटमध्ये तो त्याच्या पुढे गेलाय. बॉम्ब दाखवलाय आणि तो खरा की खोटा हे सांगितलेलं नाही.

८. डिटेक्टिव्हचं ऐका

जेफचा मित्र डॉयल पोलिसात आहे. तो येतो, चौकशी करतो आणि प्रत्येक संशयाला सरळसाधं स्पष्टीकरण देतो. बायको गावाला गेली, तिला स्टेशनवर जाताना लोकांनी पाहिलं, दोरखंडाने बांधलेली ट्रंक तिनेच ताब्यात घेतली. आपण सिनेमा बघतोय म्हणून आपल्याला वाटतं की हा मूर्ख आहे. थोडा वेळ त्याच्या बाजूने बसून बघा. लांब लेन्स लावून शेजाऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या माणसापेक्षा डॉयलचं बोलणं किती शहाणपणाचं वाटतं! हे केलंत की सिनेमा तुमच्याही मानेवर हात ठेवतो. कारण पुढे एका वळणावर तुम्हाला जाणवेल की खून झाला नसेल तर आपण चक्क हिरमुसणार आहोत. शेजारची बाई जिवंत निघाली म्हणून वाईट वाटायचं! मी खरंच थोडी ओशाळले होते.

९. शेवटचा अर्धा तास

सूचना काही नाहीत. एकच खेळ करून बघा: लिसा समोरच्या इमारतीत जाते तिथपासून आपल्या हातांकडे लक्ष ठेवा. माझ्या आत्याने सोफ्याची उशी इतकी आवळून धरली होती की सिनेमा संपल्यावर शिवण उसवलेली निघाली. आणि मधूनच ती मोठ्याने ओरडली, “अगो, ये बाहेर!” पडद्यावर जेफही नेमकं हेच करत होता, पण त्याचा आवाज पलीकडे पोचत नव्हता, आणि आत्याचाही नव्हता.

पाहून झाल्यावरच वाचा

आता तीन गोष्टींसाठी पुन्हा बघा. खुन्याचं नाव कळल्यावर रहस्यकथा कपाटात जाते, हा सिनेमा दुसऱ्यांदा जास्त चांगला लागतो.

पहिली, आरसा. थॉरवाल्डच्या घरात बायको अंथरुणात आणि नवरा फिरतीवर. जेफच्या घरात पुरुष जागेवर आणि बाई ये-जा करणारी. दोन्ही खोल्या एकमेकांच्या उलट छापासारख्या आहेत, सुरुवातीच्या त्या निगेटिव्हसारख्या. लिसा चोरून मिळवलेली अंगठी बोटात घालून पाठीमागे हात नेते आणि जेफला खूण करते. तो खुनाचा पुरावा आहे, आणि ती लग्नाची अंगठी आहे. तिला जे हवं होतं ते तिच्या बोटात आहे, फक्त दुसऱ्याच्या मेलेल्या बायकोचं. थॉरवाल्डची नजर त्या हातावर जाते, मग वर, सरळ कॅमेऱ्यात. सिनेमाभर आपण बघत होतो. आता पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याकडे बघतं.

दुसरी, कुत्र्याचा प्रसंग. कुत्रं मेलेलं सापडतं, मालकीण सज्ज्यातून सगळ्या शेजाऱ्यांना सुनावते की शेजारधर्म म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊकच नाही. इथे कॅमेरा जेफची खोली सोडून अंगणात उतरतो, माणसं जवळून दिसतात. त्यातली एकही आता टोपणनावापुरती राहत नाही. आणि जो खिडकीत आला नाही त्याच्या अंधारात सिगारेट पेटलेली असते. लाल ठिपका तो हाच.

तिसरी, थॉरवाल्ड खोलीत येतो तो क्षण. खलनायक धावून येत नाही. दारात उभा राहून केविलवाण्या आवाजात विचारतो की तुला माझ्याकडून हवंय तरी काय. पैसे? माझ्याकडे नाहीत. जेफकडे उत्तर नाही, फक्त कॅमेऱ्याचे फ्लॅश बल्ब आहेत. थॉरवाल्ड झालेल्या रेमंड बरने त्या दोन-चार वाक्यांत इतका दमलेला माणूस उभा केलाय की पहिल्यांदा भीती वाटली त्याच जागी दुसऱ्यांदा पोटात कालवतं.

हा सिनेमा मध्ये बरीच वर्षं बघायलाच मिळत नव्हता. हक्क हिचकॉककडे होते, त्याने आपले पाच सिनेमे बाजूला ठेवले होते. तो १९८० मध्ये गेला आणि १९८३ मध्ये ‘रिअर विंडो’ पुन्हा थिएटरात लागला. मूळ कथेच्या हक्कावरून खटलाही झाला, तो १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निर्माते हरले. ऑस्करची चार नामांकनं होती, मिळालं एकही नाही.

याच्यानंतर काय, असं विचाराल तर मी हिचकॉकचाच दुसरा सिनेमा लगेच सुचवणार नाही. राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ बघा, ज्यावरून पुढे हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. बायको वारलेली आणि तिच्याच चेहऱ्याची आरोपी समोर. तिथे दिग्दर्शक माहिती मुठीत दाबून ठेवतो, ‘रिअर विंडो’त ती मूठ उघडी आहे. पाठोपाठ बघितले की फरक आपोआप कळतो.

आणि दुसऱ्या खेपेला त्या संगीतकाराची धून सोडू नका. सुरुवातीला अडखळणारी, तुकड्यातुकड्याने येणारी. एका रात्री तळमजल्यावरची एकटी बाई मूठभर गोळ्या समोर घेऊन बसलेली असते आणि ती धून ऐकून थांबते. शेवटच्या सकाळी ती बाई त्याच्याच खोलीत बसून तीच धून रेकॉर्डवर पूर्ण ऐकतेय. इकडे जेफ दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून झोपलाय. लिसा पॅन्ट घालून हिमालयावरचं पुस्तक वाचतेय. त्याला गाढ झोप लागली की नाही ते ती तपासते, पुस्तक खाली ठेवते आणि फॅशनचं मासिक उचलते.